चारित्र्याचा दाखला

माझी थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. शाळा सोडल्याचे किती दाखले तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिले असतील, याची मोजदाद नाही. त्या दाखल्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. आक्का त्यात न चुकता 'चांगली' असे लिहीत असे. गावात एक पोर होते. त्याने आंब्याच्या दिवसांत एकही झाड सोडले नव्हते आणि एकदा तर शाळेची पितळी घंटाच भंगारवाल्याला विकली होती. त्याच्याही दाखल्यावर 'चांगली'. मी तेव्हा नुकताच बँकेत लागलो होतो. कागदावर लिहिलेले खरेच असले पाहिजे, हे वारे अंगात होते. मी म्हटले, "आक्का, हे खोटं नाही का?" ती म्हणाली, "बारा वर्षांच्या पोराला मी 'वाईट' लिहून दिलं, तर तो कागद घेऊन ते जाणार कुठे?"

हे वाक्य मी पुढे विसरून गेलो. ते पुन्हा आठवण्याची वेळ गेल्या वर्षी आली, आणि ती वेळ माझ्याच हाताने आणलेली होती.

आक्का आता ७८ वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. आम्हा धाकट्या भावंडांची शिक्षणे तिच्या पगारावर झाली. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाने गाठले. रात्री दोन वाजता 'शाळेला उशीर झाला' म्हणत ती जिना उतरू लागली, तेव्हा आम्ही हात टेकले आणि पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिला ठेवले. 'ठेवले' हा शब्द लिहिताना आजही हात अडखळतो. आयुष्यभर बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्या. आपल्या माणसाला ठेव म्हणून दुसऱ्याच्या हाती देताना काय वाटते, ते तेव्हा कळले.

आश्रम चांगला, चालवणारी मंडळी सज्जन. मी बँकेतला माणूस म्हणून त्यांनी मला हिशेब पाहायला समितीवर घेतले. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका आजींच्या पाटल्या नाहीशा झाल्या. पोलीस आले, पंचनामा झाला, निष्पन्न काही झाले नाही. तेव्हा समितीने ठरवले, की सगळ्या सेवकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायची. नियमांचा मसुदा माझ्याकडे आला आणि मी तो एका बैठकीत लिहून काढला. त्यातले चौथे कलम असे होते: 'ज्या व्यक्तीविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद असल्याचे आढळेल, तिला सेवेत ठेवता येणार नाही.' 'कोणताही' या शब्दाखाली मी रेघसुद्धा ओढली होती.

हा नियम मूर्खपणाचा होता, असे आजही मी म्हणणार नाही. घरात कामाला बाई ठेवतो तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवणारे कोणीतरी शुद्धीत असते. वृद्धाश्रमात तसे नसते. आक्काला सकाळी काय खाल्ले ते दुपारी सांगता येत नाही. तिला कोणी चापट मारली तर ती काय सांगणार? आणि सांगितले तरी 'आजींना भास होतात' असे म्हणून लोक मोकळे होतील. जिची साक्ष कोणी धरत नाही अशा माणसाला अंघोळ घालायला, कपडे बदलायला, औषध द्यायला आपण परका माणूस नेमतो. तो कोण, कुठला, पूर्वी त्याने काय केले, हे विचारणे हा संशयखोरपणा नव्हे. ते कर्तव्यच आहे.

१७ सेवकांचे अर्ज पोलिसांकडे गेले. सोळा कागद 'निरंक' असा शेरा घेऊन परत आले. सरकारी मराठीतला हा शब्द मला पूर्वी फार आवडायचा. शून्याला इतके स्वच्छ नाव दुसरे नाही. सतरावा कागद निरंक नव्हता. त्यावर लिहिले होते, की सदर महिलेविरुद्ध २०१३ साली अमुक पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८ अ खाली गुन्हा नोंद असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातली अशी नोंद इथल्या ठाण्यात कोणाला कळलीही नसती. पण २००९ साली केंद्र सरकारने सगळी पोलीस ठाणी संगणकाच्या एका जाळ्यात जोडण्याची योजना मंजूर केली, आणि आता कुठली नोंद कुठे वर येईल याचा नेम नाही.

ती महिला म्हणजे आक्काची मावशी. तिथे सगळ्याच सेविकांना मावशी म्हणतात. ही बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण मीही तिला मावशीच म्हणे. आक्का हिच्या हातूनच जेवत असे. इतर कोणी घास पुढे केला तर तोंड घट्ट मिटून घ्यायची. मावशींनी युक्ती काढली होती: घास भरवण्याआधी त्या म्हणत, "बाई, हजेरी झाली, आता मधली सुट्टी." की आक्का तोंड उघडे.

समितीच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा मी उठून बाहेर गेलो. नातेवाइकाचे कर्जप्रकरण आले की अधिकाऱ्याने निर्णयातून बाजूला व्हायचे, ही बँकेची शिस्त. आत नियम वाचला गेला. नियम स्पष्ट होता. मीच तो स्पष्ट लिहिला होता. पाच मिनिटांत निर्णय झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी पिशवी भरत होत्या. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, "साहेब, भावजयीनं केस केली तेव्हा माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी दोन तालुके पलीकडं, सासरी. भाऊबीजेला माहेरी जायची तेवढीच. फिर्यादीत सगळ्यांची नावं घातली, त्यात माझंबी घातलं."

"मग निकाल?"

"तारखा पडत्यात. भाऊ तर दारूपायी गेलाबी."

मी म्हटले, "म्हणजे भावजयीने खोटी केस केली."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटी कशी म्हणू? भाऊ मारायचा तिला. लई सोसलं तिनं. माझं नाव तेवढं उगा होतं."

स्वतःची भाकरी जात असताना जिच्यामुळे ती गेली तिच्याविषयी असे बोलणारी बाई आम्ही चारित्र्याच्या कारणावरून काढून टाकत होतो. जाताना त्यांनी एवढेच सांगितले: "नव्या बाईला सांगा, आक्कांना रात्री पाणी उठवून बसवून, चमच्यानं पाजायचं. नाहीतर ठसका लागतो."

नणंदा छळ करत नाहीत, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण फिर्यादीत सरसकट सगळ्या घरादाराची नावे येतात, हेही खरे. २०१२ साली गीता मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या अविवाहित बहिणीवरची आणि भावावरची कारवाई रद्द केली. नुसते ओझरते नाव घेतले, म्हणून सगळ्या कुटुंबाला खटल्यात ओढता येत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. पण ज्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येते त्याचे नाव पुसले जाते. बाकीच्यांचे तारखांच्या फाइलीत राहते आणि संगणकात चमकते.

वीसेक दिवसांनी मी आक्काला भेटायला गेलो. तिच्या उजव्या दंडावर निळे वळ होते; बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला एक. नोंदवहीत लिहिले होते, 'झोपेत पलंगाच्या कठड्यावर हात आपटला.' कठड्याला बोटे नसतात.

नवी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. तिचा कागद निरंक होता. मी तिला बोलावले. आधी ती नाही म्हणाली, मग रडू लागली. तिने आपला हात पुढे केला. मनगटाजवळ दातांचे व्रण होते. "त्या चावल्या मला, सोडतच नव्हत्या," ती म्हणाली. मी हजेरीपट पाहिला. ती दिवसपाळी करून गेली नव्हतीच. रात्रीची बाई आली नाही म्हणून तिलाच थांबवले होते. त्या रात्री ११ म्हातारी माणसे आणि ही एकटी. स्मृतिभ्रंश झालेले माणूस बिथरले तर त्याला कसे आवरावे, हे तिला कोणी कधी शिकवलेले नव्हते.

मी पोलिसांत गेलो नाही. केले ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या बहिणीच्या दंडावर वळ उठवणाऱ्या हाताला मी सोडून दिले, हेही खरे. आणि तक्रार केली असती तर त्या मुलीच्या कागदावर आयुष्यभराचा शेरा पडला असता आणि तिला सोळा तास उभे करणारे आम्ही सगळे निरंक राहिलो असतो, हेही खरे.

त्या रात्री मला बँकेतला एक रोखपाल आठवला. गाव आणि शाखा सांगण्याची गरज नाही. माणूस घड्याळासारखा. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, वर्षानुवर्षे रजा नाही. नोकरीला लागताना त्याची पोलीस पडताळणी झालेली, दोन प्रतिष्ठित नागरिकांची शिफारसपत्रे जोडलेली. एका उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. त्याच्या जागी आलेल्या माणसाला आठ दिवसांत कळले, की बरेच दिवस हलत नसलेल्या काही खात्यांतून पैसे उचलले गेले आहेत. खाती बहुतेक म्हाताऱ्या पेन्शनरांची होती. आम्हाला वाटत होते, की हा इमानदार म्हणून रजा घेत नाही. तो रजा घेत नव्हता, कारण त्याच्या खुर्चीत दुसरे कोणी बसणे त्याला परवडणारे नव्हते.

बँक माणसाचे चारित्र्य पाहते, पण त्यावर विसंबत नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकाने लिहिलेले दुसरा तपासतो. जोखमीच्या टेबलावर माणूस कायम ठेवत नाहीत. रोकड कधी मोजायला येतील ते सांगून येत नाहीत. यात कोणाला अपमान वाटत नाही. उलट प्रामाणिक माणसाला त्याचा आधारच असतो, कारण त्याच्यावर आळ येत नाही. पैशांसाठी एवढी व्यवस्था करणारे आपण, आई-वडिलांना सांभाळायला देताना मात्र एका कागदावर भागवतो.

माझ्या खिडकीसमोर आणखी एक दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. मुलगा म्हाताऱ्या आईला रिक्षातून घेऊन येतो, तिचा अंगठा शाईत बुडवून स्लिपवर उठवतो, पेन्शन स्वतःच्या खिशात घालतो. आई काऊंटरकडे पाहत असते, नोटांकडे नाही. त्या मुलांपैकी एकावरही गुन्हा नोंद नव्हता. आश्रमाच्या फाटकात नातेवाइकाला फक्त सही करावी लागते. त्याच्या चारित्र्याचा दाखला कोणी मागत नाही.

मग मी या विषयात इतरांनी काय केले आहे ते वाचू लागलो. इंग्लंडमध्ये ही पद्धत सगळ्यात पक्की आहे. १९९७ च्या पोलीस कायद्याने तिचा पाया घातला आणि २००२ मध्ये गुन्हे-नोंदी तपासणारी स्वतंत्र कचेरी सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोहम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे लैंगिक अत्याचाराच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. पण एकाही तक्रारीत शिक्षा झाली नव्हती आणि नेमणुकीच्या वेळी त्या पुढे आल्याच नाहीत. मावशींची गोष्ट सांगताना ही गोष्ट लपवली तर मी अप्रामाणिक ठरेन. शिक्षा झाली नाही म्हणजे काहीच घडले नाही, असे होत नाही.

सोहमच्या चौकशीनंतर २००६ चा कायदा आला. मुलांबरोबरच दुबळ्या प्रौढांसाठीही वर्ज्य माणसांची यादी करण्याची तरतूद त्यात झाली, आणि डिसेंबर २०१२ पासून हे सगळे काम डीबीएस ही एकच कचेरी पाहते. त्या यादीतल्या माणसाला जाणूनबुजून अशा कामावर ठेवणे हा तिथे गुन्हा आहे. शिवाय इजा केली म्हणून एखाद्याला काढले, तर संस्थेने ते कळवलेच पाहिजे. आपल्याकडे काय होते? 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायचे, बदनामी नको म्हणून गप्प बसायचे. आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या आईच्या उशाशी. मीही त्या मुलीच्या बाबतीत गप्पच बसलो होतो.

एवढे करूनही काय झाले पाहा. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे खासगी रुग्णालय होते. बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे तिथे राहत. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड आकारले जात. मे २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने तिथे सेवक म्हणून शिरलेल्या वार्ताहराने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये दाखवली: रुग्णांना थोबाडीत मारणे, फरफटत नेणे, अंगावर थंड पाणी ओतणे. अकरा जण दोषी ठरले, त्यांतले सहा तुरुंगात गेले. ही नोंदणी झालेली, तपासणी होणारी संस्था होती. तिथल्याच एका ज्येष्ठ परिचारकाने आधी व्यवस्थापनाकडे आणि मग देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली होती. ती कोणी मनावर घेतली नव्हती. तिथे कमी पडला तो कागद नव्हे. आतून ओरडणाऱ्याचे ऐकणारा कान कमी पडला.

याच्या उलट टोकाच्या चुकाही झाल्या आहेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने नव्वदच्या दशकात असा कायदा केला, की ठरावीक गुन्ह्यांत एकदा शिक्षा झालेल्याला वृद्धांच्या सेवेत आयुष्यभर जागा नाही. त्यात अडकलेल्यांपैकी एकाचा गुन्हा १९७१ सालचा, गांजा बाळगल्याचा होता. २००३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी त्यांच्या बाबतीत घटनाबाह्य ठरवली. इंग्लंडमध्ये एका मुलाला अकराव्या वर्षी चोरलेल्या दोन सायकलींबद्दल पोलिसांनी ताकीद दिली होती. ती पुढे सतराव्या वर्षी फुटबॉल क्लबातल्या कामासाठी अर्ज करताना त्याच्या कागदावर उमटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जुन्या, किरकोळ नोंदी कागदावरून गाळण्याची व्यवस्था सरकारला करावी लागली. हे वाचताना मला शाळेची घंटा विकणारे ते पोर आणि आक्काचा 'चांगली' हा शेरा आठवला.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, असे त्यात म्हटले आहे. अशा संस्थांची आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या एजन्सींची नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. पण ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. तेव्हा जे करायचे ते ज्याचे त्याने, आपापल्या आश्रमात.

आम्ही चौथे कलम बदलले. पडताळणी होतेच, ती सोडलेली नाही. पण नोंद निघाली तर आता तीन प्रश्न विचारतो: गुन्हा कोणता, केव्हाचा, आणि त्याचा या कामाशी संबंध काय. माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकतो आणि निर्णय कारणासह लिहून ठेवतो. आधीच्या दोन मालकांना फोन करून विचारतो, की हा माणूस तुमच्याकडून का गेला. रात्री एकटे कोणी नाही, दोघे. लागोपाठ दोन पाळ्या नाहीत. वळ, जखम, पडणे याची नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने पाहून सही करायची. समितीतला कोणीतरी महिन्यातून दोनदा न सांगता रात्री जातो. यासाठी खर्च वाढला. महिन्याची फी वाढवावी लागली आणि दोन कुटुंबांनी आपली माणसे घरी नेली. सुरक्षितता हवी सर्वांना असते, तिची किंमत द्यायची वेळ आली की हिशेब सुरू होतात. मी बँकेतला, मला त्याचे नवल वाटू नये, पण वाटले. त्या मुलीला आम्ही ठेवले, शिकायला पाठवले. आता ती बरी आहे. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे का? नाही. म्हणूनच दुसरी सही.

मावशींना परत बोलावण्यासाठी मी फोन केला. त्यांना एका एजन्सीमार्फत शहरात, घरी राहून आजोबांना सांभाळण्याचे काम मिळाले होते. पगार आमच्यापेक्षा जास्त. "तिथं कागद मागितला का?" मी विचारले. "न्हाई, साहेब. आधार कार्ड घेतलं फक्त." म्हणजे मावशी सुटल्या होत्या, आणि ज्याच्या कागदावर खरोखरच काही भयंकर असेल तोही असाच सुटत असणार.

परवाच्या दिवाळीत त्या आक्काला भेटायला आल्या. मी तिथेच होतो. फाटकावरच्या नोंदवहीत 'नाते' असा रकाना आहे. त्यांनी पहारेकऱ्याला विचारून विचारून नाव लिहिले आणि नात्यापाशी थांबल्या. मग त्यानेच लिहिले, 'ओळखीची'. पूर्वी बँकेत खाते उघडायचे तर कोणा जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. 'या व्यक्तीस मी ओळखतो' एवढ्या एका सहीवर आम्ही दार उघडत होतो.

आक्काने त्यांना ओळखले नाही. मलाही ती हल्ली ओळखत नाही. तिच्या लेखी मी कोणी तपासणीला आलेला साहेब आहे. मावशींनी तिच्या केसांना तेल लावले, वेणी घातली, आणि वाटीत आणलेला शिरा पुढे करून म्हणाल्या, "बाई, हजेरी झाली."

आक्काने तोंड उघडले.